खटका ओढायचा कोणी?

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवतात. एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा, ज्याचा फुटला तो हरला. हल्ली तिथे नारळ धरलेल्या हातांपेक्षा मोबाइल धरलेले हात जास्त दिसतात. पण घरी जाऊन फोटो चाळले की दोनच गोष्टी सापडतात: घावाआधीचे दोन गुळगुळीत नारळ, नाहीतर घावानंतरची भकलं. करवंटीला तडा जातोय आणि त्यातून पाणी उसळतंय, असा फोटो कोणाकडेच नसतो.

यात मोबाइलचा दोष नाही. डोळ्याने पाहायचं, मग बोट दाबायचं, यात चपळ माणसाचेही साधारण २०० मिलिसेकंद जातात. १५ मीटर उंचीच्या माडावरून नारळ पडला तर जमिनीजवळ त्याचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या घरात असतो. म्हणजे ‘आता’ असं मनात आल्यापासून बटण दाबलं जाईपर्यंत तो जवळजवळ साडेतीन मीटर खाली गेलेला असतो. सेकंदाला २० फोटो काढणारा कॅमेरा आणला तरी दोन फोटोंमध्ये ५० मिलिसेकंदांची फट राहतेच, आणि तडा नेमका त्या फटीत जातो.

यावरचा उपाय फार जुना आहे. बटण आपण दाबायचंच नाही. ज्याचा फोटो काढायचा त्यालाच ते दाबायला लावायचं. सेन्सर, ट्रिगर, लेझर, आर्डुइनो नावाचा चिमुकला संगणक-बोर्ड ही सगळी मंडळी नंतर आली; कल्पना त्यांच्या कितीतरी आधीची.

वेगवान छायाचित्रणाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक वेळा १८५१ पासून होते. त्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉटने ‘द टाइम्स’ वर्तमानपत्राचं पान एका फिरत्या चकतीवर चिकटवलं, लायडन जार या वीज साठवणाऱ्या बरणीतली वीज ठिणगीच्या रूपाने सोडली आणि त्या उजेडात फोटो घेतला. चकती गरगरत असूनही अक्षरं वाचता आली. उजेडच जर क्षणभर असेल तर शटर कितीही सुस्त असलं तरी चालतं, हे त्यातून कळलं. पण माझ्या मते हा अर्धाच प्रश्न सुटला होता. चकती सतत फिरत होती, त्यामुळे ठिणगी केव्हाही पडली तरी चाललं असतं. नारळ तसा सतत फुटत नाही.

दुसरा अर्धा प्रश्न सुटला घोड्यामुळे. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने लीलँड स्टॅनफर्ड या धनिकाच्या घोड्यांसाठी धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी दौडत आली, तिच्या छातीने एकेक दोरा तोडला आणि प्रत्येक दोऱ्याबरोबर विजेच्या जोडणीतून एकेका कॅमेऱ्याचं शटर पडलं. चारही पाय अधांतरी असतात का, या वादाचा निकाल लागला: असतात, पण चित्रकार दाखवत तसे पुढेमागे फाकलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. (कॅलेंडरांवरच्या घोड्यांना मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही.) घोडा सर्वांच्या लक्षात राहिला, दोरा कोणाच्याच नाही. मला विचाराल तर खरा शोध त्या दोऱ्याचा होता.

कोकणात राहणाऱ्याला तो दोरा लगेच ओळखता येतो. रानडुकरासाठी बागेच्या कडेला लावतात त्या फासकीचाच तो भाऊ. तीच जनावराची वाट हेरणं, तीच उंची अंदाजणं, तीच तार. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकल्याची बातमी दर वर्षी कुठून ना कुठून येते. तीच तार कॅमेऱ्याला जोडली की जनावर तिला अडखळतं आणि आपल्या वाटेने निघून जातं. अमेरिकेत जॉर्ज शायरसने रात्री हरणांच्या वाटेवर असे दोरे बांधून, स्फोटक भुकटीच्या उजेडात फोटो काढले. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात त्याचे ७४ फोटो छापले. आपल्या देशात १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाघाकडूनच वाघाचा फोटो काढून घेतला. पुढे १९९० च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत हाच कॅमेरा ट्रॅप मोजणीसाठी वापरला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे फोटो हीच त्याची ओळख.

आता ट्रॅपमध्ये तार नसते. जनावराच्या अंगाची ऊब ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर असतो, आणि इथेच आपली हवा आडवी येते. हा सेन्सर ऊब मोजत नाही, भोवतालच्या आणि जनावराच्या उबेतला फरक ओळखतो. मे महिन्याच्या दुपारी जांभ्याचा सडा (म्हणजे कातळाचं पठार) एवढा तापलेला असतो की समोरून कोल्हा गेला तरी फरक जाणवत नाही. उलट वाऱ्यावर हलणारं तापलेलं गवत पाहून कार्ड भरून जातं. आंबोलीच्या बेडकांना आणि सापांना तर हा सेन्सर जवळजवळ आंधळाच. त्यांचं अंग भोवतालाइतकंच गार. तिथे अजून प्रकाशाची आडवी रेघच टाकावी लागते. बेडूक आडवा गेला, रेघ तुटली, फोटो निघाला. मायब्रिजचा दोराच तो, फक्त दिसत नाही एवढंच.

न दिसणारा दोरा हवा, ही गरज कुठून आली ते एका बंदुकीच्या गोळीच्या फोटोत दिसतं. १८८६ मध्ये एड्रियाटिक समुद्रकाठच्या फ्यूमे बंदरात, तिथल्या नौदल अकादमीत शिकवणाऱ्या पेटर झाल्खरने गोळीचे फोटो काढले. प्रयोगाची आखणी प्रागमध्ये बसलेल्या एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाची. त्यांनी गोळीच्या वाटेत तारा उभ्या केल्या. गोळी त्यांना लागली की विजेचं मंडल पूर्ण व्हायचं, लायडन जारची ठिणगी पडायची आणि तेवढ्यात फोटो निघायचा. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, त्याच तत्त्वावर त्यांनी हवेतला दाब दृश्य केला होता. फोटोत गोळीच्या नाकासमोर कमानीसारखी लाट दिसते. ध्वनीपेक्षा वेगवान वस्तूपुढची ही लाट तेव्हा पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांसमोर आली. पण त्याच चौकटीत त्या दोन उभ्या ताराही दिसतात. फोटो काढण्यासाठी लावलेली वस्तू फोटोत येते आणि गोळीलाही धक्का देते. तपासाला आलेल्या पोलिसाने पंचनाम्यात स्वतःच्याच चपलांचे ठसे नोंदवावेत, तसं काहीसं.

आता पागोळ्यांकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासातला माझा आवडता माणूस थेंबांच्या नादी लागलेला होता. आर्थर वर्दिंग्टन हा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ पाण्याचा किंवा पाऱ्याचा थेंब पडला की नक्की काय होतं, ते वर्षानुवर्षं पाहत बसला. अंधाऱ्या खोलीत थेंब सोडायचा, ठिणगीच्या उजेडात क्षणभर जे दिसेल ते डोळ्यात साठवायचं आणि लगेच कागदावर उतरवायचं, ही त्याची सुरुवातीची पद्धत. पुढचा थेंब पडला की ठिणगी किंचित उशिरा पाडायची आणि पुढचा टप्पा रेखाटायचा. असं करत १८७० च्या दशकापासून त्याने रेखाटनांची मालिकाच उभी केली. थेंब आदळल्यावर उसळणाऱ्या पाण्याचा सुबक मुकुट, सारख्या अंतरावर सारखे काटे, रांगोळीसारखं सगळं मापात.

१८९४ मध्ये त्याला ठिणगीच्या उजेडात फोटो काढणं जमलं. फोटोतले मुकुट वाकडे निघाले. एक काटा लांब, दुसरा आखूड, कुठे कडा फाटलेली. सुमारे २० वर्षं तो जे काढत होता ते त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, मनाने दुरुस्त केलेलं होतं. पागोळ्यांखाली ठेवलेल्या घमेल्यात टपटपणारं पाणी आपण लहानपणापासून पाहतो. तरी त्याचं चित्र काढायला सांगितलं तर आपणही मापातलाच मुकुट काढू.

पण मला त्याची रेखाटनं किंवा फोटो यांपेक्षा ‘किंचित उशिरा’ हे प्रकरण भावतं. त्याने काय केलं, तर थेंब आणि एक छोटी गोळी विजेच्या चुंबकाने एकाच वेळी सोडली. थेंब आपल्या वाटेने पाण्यात पडायचा, गोळी दुसऱ्या वाटेने पडताना दोन विद्युतगोलांमधून जायची आणि ठिणगी पाडायची. गोळी किती उंचीवरून सोडायची ते बदललं की ठिणगीची वेळ बदलायची. पडण्याचं गणित शाळेतलंच, म्हणून उंची हेच त्याचं घड्याळ. आजच्या ट्रिगरवर जो ‘डिले’ नावाचा खुंटा असतो तो हाच. नवखे लोक सेन्सरवर पैसे ओततात आणि डिलेकडे दुर्लक्ष करतात. सेन्सर सांगतो की काहीतरी घडायला लागलं आहे. त्यातला कोणता क्षण बघायचा हे ठरवणं डिलेच्या हाती.

पुढे अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरोल्ड एजर्टनने १९३० च्या दशकात हे सगळं इलेक्ट्रॉनिक केलं. लायडन जारची जागा कपॅसिटर आणि वायूभरल्या काचनळीने घेतली, म्हणजे आज प्रत्येक फ्लॅशमध्ये असते तीच. १९५७ चा त्याचा दुधाच्या मुकुटाचा रंगीत फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्यात खटका ओढला तो थेंबानेच, प्रकाशाच्या रेघेतून खाली जाता जाता. १९६४ मध्ये त्याने सफरचंदातून गोळी आरपार जाताना टिपली तेव्हा खटका ओढला आवाजाने, मायक्रोफोनमार्फत. रेघेला वजन नाही, आवाजाला स्पर्श नाही. झाल्खरच्या तारा अशा रीतीने चौकटीबाहेर गेल्या. मग १९७० च्या दशकात स्टीफन डाल्टन या छायाचित्रकाराने उडते कीटक पकडले, रेघ ओलांडणाऱ्या कीटकाकडूनच. कॅमेऱ्याचं नेहमीचं शटर उघडेपर्यंत कीटक चौकटीबाहेर जायचा, म्हणून त्याला झटकन उघडणारं वेगळं शटर करून घ्यावं लागलं.

त्यानंतर हे प्रकरण प्रयोगशाळेतून पडवीत आलं ते दोन स्वस्त गोष्टींमुळे. हान्स कामेनझिंडने आखलेली ५५५ ही टायमर चिप १९७२ मध्ये बाजारात आली आणि इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ मध्ये आर्डुइनो जन्माला आलं. मुंबईला जाणाऱ्याकडे चिठ्ठी द्यायची आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग मागवायचे, हे आमच्या पिढीचं. आता कुरिअर वाडीपर्यंत येतं.

माझ्या पहिल्या दोन चुका इथे नोंदवून ठेवतो. पहिली, प्रकाश ओळखायला मी एलडीआर लावला होता. तो स्वस्त, पण आळशी. उजेड बदलल्याचं कळायला त्याला कित्येक मिलिसेकंद लागतात. तोवर थेंब घमेल्यात. फोटोट्रान्झिस्टर लावल्यावर थेंब दिसू लागले. दुसरी चूक महागात गेली. काकांकडचा जुना फ्लॅश थेट डिजिटल कॅमेऱ्याला जोडला. जुन्या फ्लॅशच्या खटक्यावर दोनशे-अडीचशे व्होल्ट असू शकतात आणि नवे कॅमेरे तेवढे सोसत नाहीत, हे मला कॅमेरा गेल्यावर वाचायला मिळालं. तेव्हापासून मधे ऑप्टोकपलर असतो. त्यात दोन्ही बाजू उजेडाने बोलतात, विजेने नाही.

फ्लॅशबद्दल एक गोष्ट उलटी वाटते म्हणून सांगतो. जास्त ताकद म्हणजे जास्त वेग, असं नसतं. फ्लॅशची ताकद १/६४ वर आणली की तो साधारण १/२०,००० सेकंदच पेटतो, कारण कमी उजेड देण्याची त्याची रीतच ती, मधेच तोडून टाकायचं. वळचणीवरून सुटलेला थेंब खाली येईपर्यंत सेकंदाला ७ मीटरच्या आसपास वेग घेतो. १/२५० सेकंदात तो पावणेतीन सेंटीमीटर सरकतो, म्हणजे फोटोत नुसती रेघ. १/२०,००० सेकंदात तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच हलतो. म्हणून खोलीत अंधार करायचा, शटर उघडं टाकायचं आणि उजेडालाच शटर करायचं. टॅलबॉट इथे पुन्हा भेटतो. लाइट जाण्याचा उपयोग होणारा हा माझ्या माहितीतला एकमेव छंद.

विजेचा फोटो म्हटलं की आमच्याकडे लोकांना जून आठवतो. पण ऐन पावसाळ्यात धो-धो कोसळणारे ढग कोकणात फारसे कडकडत नाहीत. विजा येतात त्या वळिवाबरोबर मे महिन्यात, आणि भातकापणीच्या सुमारास परतीच्या पावसात. विजेला सेन्सर लावला तर पहिला झोत बहुधा हुकतोच. आरसेवाल्या कॅमेऱ्याला जागं व्हायला ५० मिलिसेकंद सहज लागतात. तरी फोटो मिळतो, कारण एकाच विजेत त्याच वाटेने लागोपाठ अनेक झोत येतात. चार्ल्स बॉइजच्या फिरत्या भिंगांच्या कॅमेऱ्याने १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बेसिल शोनलँडने हेच झोत सुटे करून दाखवले, आणि पहिल्या झोताआधी वीज पायरी-पायरीने खाली उतरते हेही. हे फोटो घरातून, खिडकी बंद ठेवून काढायचे. तिवई घेऊन सड्यावर उभं राहायचं नाही.

राहता राहिला नारळ. बंदरावरच्या उन्हात फ्लॅशचं काही चालत नाही, म्हणून रात्री पडवीत पायरीच्या जांभ्यावर वाढवून पाहिला. खटका आवाजाचा. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला जवळपास ३५० मीटर जातो, म्हणजे मायक्रोफोन ३५ सेंटीमीटर मागे नेला की फोटो एक मिलिसेकंद उशिरा निघतो. डिलेचा खुंटाही लागत नाही, एक मोजपट्टी पुरते. मायक्रोफोन दगडाजवळ असताना करवंटीवर केसाएवढा तडा दिसला, बाकी नारळ शाबूत. तो सव्वा मीटर मागे नेला तेव्हा तडा रुंदावलेला होता आणि त्यातून पाण्याची पातळ पात बाहेर येत होती. तिची कडा वेडीवाकडी होती आणि एक टोक बाकीच्यांपेक्षा बरंच लांब. तिसऱ्या नारळाच्या वेळी आईने विचारलं, सोलकढीपुरते झाले की अजून हवेत?