पिंजरा (वैज्ञानिक संज्ञा)

पिंजरा : गज किंवा जाळी यांनी वेढलेली, आतले कोंडून ठेवणारी अथवा बाहेरचे आत येऊ न देणारी पोकळ रचना. मराठी शब्द संस्कृत ‘पञ्जर’पासून आला असून त्या मूळ शब्दाला पक्ष्याचा पिंजरा आणि हाडांचा सांगाडा असे दोन्ही अर्थ आहेत, ‘अस्थिपंजर’ हा शब्द त्यातूनच घडला. विज्ञानाच्या अनेक शाखांनी ही संज्ञा निरनिराळ्या अर्थांनी स्वीकारली आहे. पेटी किंवा कवच यांच्याहून पिंजरा वेगळा असतो तो त्याच्या फटींमुळे, आणि फटीतून काय जाते व काय अडते हे पाहिले म्हणजे त्या त्या शाखेतील अर्थ नेमका कळतो.

भौतिकीतील सर्वांत परिचित उदाहरण फॅराडे पिंजऱ्याचे आहे. मायकेल फॅराडे यांनी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी, रुंदी व उंचीचा एक लाकडी सांगाडा उभारला, त्याला तांब्याची तार व धातूचा वर्ख लावला, तो जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग केला आणि पेटत्या मेणबत्त्या व विद्युतमापके घेऊन ते स्वतः आत जाऊन बसले. बाहेरच्या पृष्ठभागावरून मोठमोठ्या ठिणग्या उडत असताना आतल्या मापकांवर त्यांचा काहीही परिणाम दिसला नाही. वाहकावरील विद्युतभार बाह्य पृष्ठभागावर अशा रीतीने पसरतो, की आतील पोकळीत त्याचे विद्युत्‌क्षेत्र उरत नाही. बदलत्या क्षेत्रांच्या, म्हणजे तरंगांच्या बाबतीत छिद्रांचा आकार महत्त्वाचा ठरतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात बसवलेला बारीक भोकांचा पत्रा जवळून पाहावा : ओव्हनमधील तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि भोके जेमतेम एखाद्या मिलिमीटरची, म्हणून ते तरंग आतच राहतात, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून फिरणारी बशी आपल्याला दिसते. स्थिर चुंबकीय क्षेत्र मात्र तांब्याच्या जाळीने अडत नाही.

रसायनशास्त्रातील पिंजऱ्याशीही फॅराडे यांचा संबंध आहे. थंड पाण्यात क्लोरीन वायू सोडल्यावर मिळणाऱ्या स्फटिकांत पाणीही असते, हे हम्फ्री डेव्ही यांनी दाखवले होते. त्या स्फटिकांचे संघटन फॅराडे यांनी १८२३ मध्ये ठरवले. मात्र वायूचे रेणू पाण्याच्या रेणूंनी बांधलेल्या पोकळ्यांत बसलेले असतात, हे चित्र विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साहाय्याने स्पष्ट झाले. अशा संयुगांना एच. एम. पॉवेल यांनी १९४८ मध्ये क्लॅथ्रेट हे नाव दिले; ज्या लॅटिन शब्दावरून ते घेतले त्याचा अर्थच गजांनी बंद केलेले असा आहे. यजमान (पिंजरा बांधणारे रेणू) आणि पाहुणा (आत बसलेला रेणू) यांच्यात रासायनिक बंध नसतो, तरीही पाहुण्यावाचून हा पिंजरा सहसा टिकत नाही, आणि हेच या रचनेचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य मानावे लागेल. मिथेन वायू पाहुणा असलेल्या क्लॅथ्रेटात, म्हणजे मिथेन हायड्रेटात, लहान पिंजरा २० व मोठा २४ जलरेणूंचा असतो. समुद्रतळातून वर काढलेला त्याचा ढेकूळ दाब कमी होताच चुरचुरू लागतो आणि काडी लावली तर पेटतो. एक घनमीटर हायड्रेटातून सामान्य दाबाला सुमारे १६४ घनमीटर वायू निघतो. भारताच्या २००६ मधील मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळात असे साठे आढळले. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही या विषयावर संशोधन केले आहे.

जलरेणूंच्या या दोन्ही पिंजऱ्यांत बारा पंचकोन असतात. क्रोटो, कर्ल व स्मॉली यांनी १९८५ मध्ये शोधलेल्या साठ कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूतही पंचकोन बाराच आहेत. हा योगायोग नव्हे. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन कडा मिळत असतील, तर केवळ पंचकोन व षट्‌कोन वापरून बंद होणाऱ्या गोलसर पिंजऱ्यात नेमके बारा पंचकोन असावेच लागतात, असे गणितज्ञ ऑयलर यांच्या सूत्रावरून सिद्ध होते. फुलरीनच्या पोकळीत अणू अडकवता येतो.

द्रावणातील पिंजरा मात्र क्षणभंगुर असतो. आयोडिनाच्या रेणूवर प्रकाश पडून त्याचे दोन अणू सुटले, तरी भोवतालचे द्रावक रेणू त्यांची वाट अडवतात आणि पुष्कळदा ते दोघे पुन्हा जुळतात. फ्रांक व राबिनोविच यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला पिंजरा परिणाम म्हणतात. जीवरसायनशास्त्रात एटीपीसारख्या (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या) रेणूला प्रकाशाने तुटणारा गट जोडून तो तात्पुरता निष्क्रिय करतात व त्याला ‘पिंजऱ्यातील एटीपी’ म्हणतात. तेथे पोकळी मुळीच नसते, त्यामुळे हा शब्दप्रयोग केवळ आलंकारिक समजावा. आलेख सिद्धांत या गणिताच्या शाखेत आलेख म्हणजे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांची रचना; प्रत्येक बिंदूला ठरावीक जोडण्या आणि ठरावीक किमान चक्रलांबी (सर्वांत लहान बंद वाटेतील रेषांची संख्या) असलेल्या सर्वांत लहान आलेखाला पिंजरा म्हणतात. दहा शिरोबिंदूंचा पीटरसन आलेख हे त्याचे उदाहरण होय.

परिस्थितिविज्ञानात पिंजरा हे प्रयोगाचे साधन आहे. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील खडकांवर जाळीचे पिंजरे बसवून बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी सागरी जीव) खाणाऱ्या गोगलगाईंना दूर ठेवले आणि भक्षकांचा परिणाम मोजला (१९६१). परंतु जाळीमुळे सावली पडते व लाटांचा जोरही कमी होतो. म्हणून अशा प्रयोगांत शेजारी एक अर्धवट उघडा पिंजरा ठेवून खुद्द पिंजऱ्याचा परिणाम वेगळा काढतात. महाराष्ट्रातील जलाशयांत पिंजरा पद्धतीने मत्स्यसंवर्धन करतात, तेथेही मासा आत राहतो, पण उरलेले खाद्य व विष्ठा जाळीतून जलाशयात उतरतात.

प्रयोगशाळेतील प्राण्यांचा पिंजरा हा शब्दशः पिंजरा असूनही तो दीर्घकाळ केवळ सामान मानला गेला, ही खेदाची बाब आहे. मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड हेब यांनी १९४० च्या दशकात घरी मोकळे वाढवलेले उंदीर प्रयोगशाळेतल्या उंदरांपेक्षा कोडी सोडवण्यात सरस ठरल्याचे नोंदवले. घुशीहून पुष्कळ लहान असलेल्या पांढऱ्या उंदराला सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान सुखकर वाटते, तर प्राणिगृहे बहुधा २० ते २४ अंशांवर ठेवली जातात. घरट्यासाठी कागदाचे तुकडे मिळाले नाहीत, तर तो प्राणी ऊब टिकवण्यासाठीच बरीच ऊर्जा खर्च करतो आणि औषधाच्या चाचणीतील आकड्यांत ती मिसळते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या वृत्तांतासाठीच्या २०१० च्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वांनी पिंजऱ्याचा प्रकार, त्यातील अंथरण आणि एका पिंजऱ्यातील प्राण्यांची संख्या शोधनिबंधात नोंदवण्यास सांगितले आहे.