नवजात धनुर्वात आणि दाईंचा प्रश्न : पार्श्वभूमी

नवजात बाळाला धनुर्वात होतो तो नाळेच्या जखमेतून. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की धनुर्वाताच्या बीजाणूंना, म्हणजे जंतूंच्या टणक सुप्त रूपाला, वाट मिळते. पहिले दोन दिवस नीट अंगावर पिणारे बाळ तिसऱ्या दिवसानंतर दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो, नुसत्या स्पर्शानेही झटके येतात.

भारतात १९७८ मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला, १९८५ पासून तो टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत नेला गेला आणि गरोदर बाईला टीटीचे, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचे, इंजेक्शन हा त्याचा नेहमीचा भाग झाला. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. पहिला डोस शरीराला फक्त तयार करतो, संरक्षण दुसऱ्यानंतर येते. म्हणून दोन डोसांत चार आठवडे हवेत आणि दुसरा बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी हवा. उशिरा नाव नोंदवलेल्या बाईचे गणित इथेच चुकते.

खरा वाद झाला तो दाईंवरून. सत्तरच्या दशकात हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई असे धोरण होते. ३० दिवसांचे प्रशिक्षण, मग हातात पेटी. शिकवण पाच स्वच्छतांची : हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळेचा देठ. देठाला काहीही लावायचे नाही, तो कोरडा ठेवायचा. अडचण पुढे होती. पेटीतले साबण, ब्लेड, दोरा संपले की पुन्हा भरून मिळत नसत. ब्लेड नुसते उकळून भागत नाही, कारण धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. प्रत्येक बाळंतपणाला नवेच हवे. एप्रिल २००५ मध्ये दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी रोख मदत सुरू झाली, गावात आशाताई आल्या आणि सगळा भर तिकडे वळला. दवाखान्यातले बाळंतपण आईसाठीही सुरक्षित, त्यामुळे दिशा बरोबरच होती. पण धडगाव, अक्कलकुवा किंवा मेळघाटातल्या पाड्यावर पावसाळ्यात रस्ता बंद झाला की बाळंतपण घरीच होते आणि हाताशी दाईच असते. तिला नवे ब्लेड पुरवणे थांबवायला नको होते. रस्ते होईपर्यंत तरी दोन्ही कामे सोबत चालायला हवी होती.

जगाने १९८९ मध्ये निर्मूलनाचे लक्ष्य ठरवले. त्याचा निकष प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. भारत तिथे २०१५ मध्ये पोहोचला. बीजाणू मातीत आहेतच, म्हणून लस थांबवता येत नाही. आता टीटीऐवजी टीडी देतात, म्हणजे सोबत घटसर्पाचेही संरक्षण मिळते. डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. मागच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षे उलटली नसतील, तर एकच बूस्टर पुरतो. नोंद सापडली नाही तर दोन्ही द्यावेत. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी वितळल्यावर हलवली तरी कण पटकन तळाशी बसतात. ती कुपी टाकून द्यायची.