मंदीच्या बाजारातील सदनिकेची पुनर्विक्री

विकाऊ घरे भरपूर आणि गिऱ्हाईक मोजके, अशा काळात राहता फ्लॅट योग्य भावात विकण्याची रीत. महाराष्ट्रात 2016 च्या नोटाबंदीनंतर असा काळ आला. 2020 च्या टाळेबंदीत व्यवहार इतके थंडावले की राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्कात 3 टक्के आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्के सूट दिली.

भाव लावताना बहुतेक जण जाहिरातींतले आकडे पाहतात आणि तिथेच फसतात. ते मागितलेले भाव असतात. मिळालेला भाव दस्ताच्या सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'इंडेक्स टू'मध्ये सापडतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून तो पाहता येतो. मोबदला (म्हणजे ठरलेली विक्री किंमत), बाजारभाव (म्हणजे सरकारी दराने काढलेले मूल्य), क्षेत्रफळ, दस्ताची तारीख असे सगळे त्यात असते. आपल्याच इमारतीतले किंवा शेजारचे अलीकडचे तीन-चार दस्त काढून मोबदल्याला क्षेत्रफळाने भागले की खरा दर कळतो. मात्र एका दस्तात चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) आणि दुसऱ्यात बिल्टअप (भिंती धरून मोजलेले क्षेत्र) असेल, तर आधी दोन्ही एका मापात आणावे लागतात.

भाव उतरवण्यालाही तळ आहे. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागवार दरांच्या तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर लागते. शिवाय रेकनरचे मूल्य करारातल्या किमतीच्या 110 टक्क्यांपेक्षा जास्त निघाले, तर भांडवली नफा मोजताना प्राप्तिकर खाते रेकनरचेच मूल्य धरते. रेकनरने 80 लाखांचा फ्लॅट 74 लाखांना दिला तर निभावते. 70 लाखांना दिला तर विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशावर कर पडू शकतो, आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात फरकाचे 10 लाख धरले जातात.

गिऱ्हाइकाचा खिसाही पाहावा लागतो. बँका किमतीच्या 75 ते 90 टक्क्यांपर्यंतच कर्ज देतात आणि मुद्रांक शुल्क सहसा त्यात धरत नाहीत. पुणे शहरात ते 7 टक्के, म्हणजे 80 लाखांवर 5 लाख 60 हजार पदरचे उभे करावे लागतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, पुनर्विक्रीवर लागत नाही. जुन्या घराची ही जमेची बाजू बोलणीत ठासून सांगावी.

घर दाखवण्याआधी मोठ्या सजावटीवर घातलेला पैसा क्वचितच वसूल होतो. ओल मात्र काढलीच पाहिजे. बाथरूमच्या भिंतीवर फुगलेला रंग आणि छतावरचा पिवळट डाग घेणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरतो. गळती न काढता वरून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतो, आणि तसे लपवणे हा घेणाऱ्याचा विश्वासघात आहे. पाणी गच्चीतून येत असेल तर दुरुस्तीसाठी सोसायटीकडे लेखी अर्ज करावा.

सौदे अडतात ते बहुधा कागदांवर. पहिल्या खरेदीपासूनच्या मूळ करारनाम्यांची साखळी, भाग प्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचा ना-थकबाकी दाखला जाहिरातीआधीच हाताशी हवा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करण्याची रक्कम, 25,000 रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही. 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखाली जास्त मागितले तर हा नियम दाखवावा. घरावर कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी आधीच घ्यावी, कारण घेणाऱ्याची बँक ही दोन्ही पाहिल्यावाचून सहसा कर्जाचा धनादेश काढत नाही.