गुण येणे आणि बरे होणे

‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. तालुक्याच्या दवाखान्यात अंगात ताकद नाही म्हणून आलेल्या माणसाला गोळ्या दिल्या तर तो हिरमुसतो. त्याला सलाईन हवे असते. बाटलीत मीठपाणी असते, फार तर थोडी साखर. पण ती स्टँडला लटकली, थेंब पडू लागले की बाटली अर्धी व्हायच्या आत चेहऱ्यावर तरतरी दिसू लागते. ही तरतरी खोटी नसते. ती येते कुठून आणि पोहोचते कुठवर, हा वाद मात्र फार जुना आहे. मराठीत ‘गुण येणे’ आणि ‘बरे होणे’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. या वादाचा इतिहास वाचताना ते हाताशी ठेवावेत.

शरीर आणि मन ही दोन्ही व्याधीची ठिकाणे आहेत, असे चरकसंहिता सुरुवातीलाच सांगते. पुढे औषधाचे तीन प्रकार येतात: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. म्हणजे मंत्र, मणी, होमहवन. आहार आणि द्रव्यांची योजना. आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणे. मनाचा उपचार तिघांपैकी एक आहे. उरलेल्या दोघांची जागा तो घेईल, असा दावा तिथे नाही.

युरोपात या वादाची पहिली खरी परीक्षा झाली ती १७८४ मध्ये. व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरचा दावा असा, की विश्वात ‘प्राणिज चुंबकत्वा’चा एक अदृश्य द्रव भरलेला आहे आणि तो आपण रुग्णाच्या अंगात वळवू शकतो. त्याच्याकडे गर्दी लोटली. लोकांना झटके येत, शुद्ध हरपे, आणि नंतर बरे वाटे. राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता आणि अमेरिकेचा राजदूत म्हणून फ्रान्समध्ये राहणारा बेंजामिन फ्रँकलिनही होता. मेस्मर स्वतः पुढे आला नाही, त्याचा शिष्य देस्लाँ आला. फ्रँकलिनच्या पासी इथल्या बागेत त्याने जर्दाळूचे एक झाड ‘भारले’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून एकेका झाडाजवळ नेले. पहिल्यापाशीच त्याला घाम फुटला, खोकला आला. चौथ्यापाशी तर तो बेशुद्ध पडला. चारही झाडे साधी होती, भारलेले झाड लांबच राहिले.

निष्कर्ष स्पष्ट होता: कल्पना असेल तर चुंबकत्वाशिवायही झटके येतात, कल्पना नसेल तर चुंबकत्व काहीच करत नाही. यातल्या दुसऱ्या भागाने मेस्मरचा धंदा बसला. पहिल्या भागाकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. नुसत्या कल्पनेने धडधाकट पोरगा कोसळतो, ही काय लहान गोष्ट झाली? डोळ्यांवरची पट्टी मात्र टिकली. आज औषधांच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला खरी गोळी कोणती हे कळू देत नाहीत, त्याची पूर्वज ही पट्टीच.

मेस्मरची विद्या पुढे बंगालमध्येही पोहोचली. हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून रुग्णांना त्या पद्धतीने, अंगावरून हात फिरवत, गुंगीत नेऊन मोठाल्या गाठी कापल्या. पण १८४६ मध्ये बोस्टनला ईथर वापरून शस्त्रक्रिया झाली, वर्षभरात क्लोरोफॉर्म आले, आणि तासन् तास हात फिरवत बसण्याची गरजच संपली.

महाराष्ट्रात हा धागा लोणावळ्याला सापडतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. योगावर श्रद्धा असणारा माणूस एक्स-रे आणि पाऱ्याचा दाबमापक घेऊन योगाकडे जातो, हे त्या काळात नवलच होते. नौली ही पोटाच्या स्नायूंची योगक्रिया करताना पाणी आतड्यात आपोआप वर का चढते, याचा त्यांनी छडा लावला. पोटाचे स्नायू विशिष्ट रीतीने पुढे काढले की आत दाब कमी होतो, अंशतः पोकळी तयार होते आणि पाणी ओढले जाते. गूढ काही उरले नाही म्हणून नौलीची किंमत त्यांच्या लेखी कमी झाली नाही. ही वृत्ती मला पुढच्या अनेक प्रचारकांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

योगी हृदय थांबवू शकतो, हा त्या काळचा सर्वांत गाजलेला दावा. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर यंत्र घेऊन भारतात आल्या आणि त्यांच्या नोंदींनी दाव्याला बळ मिळाले. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी तो पुन्हा तपासला. निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आले. मनगटाची नाडी खरोखर लागेनाशी होत होती. स्टेथोस्कोपने ठोकेही ऐकू येत नव्हते. पण ईसीजीची रेघ चालूच होती. श्वास कोंडून छातीपोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी क्षीण होते. ठोके स्नायूंच्या आवाजात बुडतात. हृदय आपले काम करतच असते.

आधुनिक वैद्यकात खोट्या औषधाने येणाऱ्या या गुणाला (‘प्लासिबो’ परिणामाला) आकडा दिला तो हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात त्याला दिसले, की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जण वेदनाशामक नको म्हणत. जखम म्हणजे घरी परतायचा परवाना, असा अर्थ त्याने लावला. १९५५ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून त्याने मांडले, की खोट्या गोळीनेही ३५.२ टक्के रुग्णांना आराम पडतो. हा आकडा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. त्यात मोठी गल्लत होती. आपापली बरी झालेली माणसेही गोळीच्या खात्यावर जमा झाली होती. सर्दी औषध घेतले तर सात दिवसांत जाते, नाही घेतले तर आठवड्यात, हे आपण थट्टेने म्हणतो. बीचरच्या हिशेबात तेच झाले. २००१ मध्ये डेन्मार्कमधल्या दोन संशोधकांनी खोटा उपचार आणि काहीच उपचार नाही अशी तुलना असलेले ११४ अभ्यास तपासले, तेव्हा वेदनेवर थोडा परिणाम उरला आणि मोजपट्टीवर मोजता येणाऱ्या गोष्टींवर जवळपास काहीच नाही.

वेदनेवरचा परिणाम मात्र मनाचा खेळ म्हणून उडवून देता येत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात दात काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. खोट्या औषधाने येणारा आराम नॅलॉक्सोन दिल्यावर नाहीसा झाला. नॅलॉक्सोन अफूजन्य औषधांचा परिणाम रोखते, म्हणजे शरीर स्वतःच तशी द्रव्ये सोडत होते. उलट बाजूही आहे. कोविड लशींच्या चाचण्यांत नुसते मीठपाणी टोचलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास सांगितले. मन चिंती ते वैरी न चिंती. (आकडा बीचरच्याच जवळचा निघाला, हा निव्वळ योगायोग.)

मर्यादा कुठे पडते, हे बोस्टनच्या एका दमा-अभ्यासात लख्ख दिसते. २०११ मध्ये तो छापून आला. त्याच रुग्णांना पाळीपाळीने खरा पंप, खोटा पंप, खोटे अॅक्युपंक्चर दिले, आणि एका पाळीला काहीच दिले नाही. किती बरे वाटले असे विचारले, तर सुधारणा ५०, ४५ आणि ४६ टक्के. काहीच न दिल्यावर २१. मग फुंकर मारायच्या यंत्राने श्वास मोजला. खऱ्या पंपाने २० टक्के सुधारणा, बाकी तिन्हींनी सुमारे ७. खोट्या पंपाने गुण आला होता, पण श्वासनलिका काहीच न दिल्यावर असत तेवढ्याच आकसलेल्या होत्या. दम्याचा झटका आलेल्या माणसाला बरे वाटते म्हणून घरीच बसवले, तर काय होईल हे सांगायला नको.

सर्वांत मोठी आशा कॅन्सरभोवती जमली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये छापला. दर आठवड्याला गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९. गंमत म्हणजे मनोवृत्तीने कॅन्सर हरतो या अतिरंजित दाव्यांची शहानिशा करायला ते निघाले होते. बातमी जगभर गेली. तिच्या मागोमाग ‘सकारात्मक राहा, मग बरी होशील’ हा उपदेशही घरोघरी गेला, आणि आजार वाढला की रुग्णाने मन पुरेसे खंबीर ठेवले नाही असा ठपकाही. कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, २००१ मध्ये निकाल आला: गटातल्यांचे आयुर्मान १७.९ महिने, इतरांचे १७.६. स्पीगेल यांनी स्वतः १२५ स्त्रियांवर पुन्हा करून पाहिले. २००७ मध्ये त्यांनाही एकूण फरक मिळाला नाही, आणि तसे त्यांनी छापले.

कॅनडाच्या त्याच निकालात आणखी एक ओळ होती, तिची बातमी फारशी झाली नाही. सुरुवातीला ज्या स्त्रिया जास्त खचलेल्या होत्या, ज्यांना जास्त दुखत होते, त्यांना गटात बसल्यावर मनाने बरे वाटत होते आणि दुखणेही कमी जाणवत होते.