जुन्या मोटारसायकलीतील क्लच व गिअरचे दोष

क्लच व गिअरचे दोष (जुन्या मोटारसायकलीतील) : गिअर न पडणे, न्यूट्रल न सापडणे, पडलेला गिअर आपोआप सुटणे आणि इंजिनचा आवाज वाढूनही गाडीने वेग न घेणे, अशा तक्रारींचा हा गट आहे. गिअर सुटणे वगळता बाकीच्यांचे मूळ बहुधा गिअरबॉक्समध्ये नसून क्लचमध्ये (इंजिनची ताकद एकमेकींवर दाबलेल्या प्लेटांमार्फत गिअरबॉक्सला जोडणारा व तोडणारा भाग) किंवा त्याच्या केबलमध्ये असते. तरीही इंजिन उघडण्याची घाई केली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात येझदी, जुनी बुलेट, यामाहाची आरएक्स १०० आणि सुरुवातीच्या हिरो होंडा अजून रस्त्यावर दिसतात. यांपैकी येझदी म्हैसूरच्या कारखान्यात तयार होत असे व तिचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले.

निदानाची पहिली कसोटी खर्चाशिवाय होते. इंजिन बंद ठेवून गाडी पुढेमागे हलवत सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर गिअर सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. बंद इंजिनावरही अडत असतील, तर मात्र दोष गिअर बदलण्याच्या यंत्रणेत शोधावा लागतो. त्यातही आधी पायाच्या लिव्हरचे दाते घासून ती शाफ्टवर घसरत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

क्लच न सुटण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे केबल. खानापूर तालुक्यातील किंवा चोर्ला घाटातील पावसात केबलच्या आवरणात पाणी शिरते, तार गंजते आणि हाताची क्लच-लिव्हर जड होते. लिव्हरजवळ एकदोन तारा तुटलेल्या दिसल्यास तेल सोडत बसण्यापेक्षा केबल बदलणे शहाणपणाचे. लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिमी मोकळी हालचाल असावी. ती जास्त असल्यास क्लच सुटत नाही, मुळीच नसल्यास प्लेटांवरील दाब कमी होऊन क्लच घसरतो. चढावर भरलेली गाडी नेताना हे पहिल्यांदा जाणवते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. अशा वेळी क्लच दाबून काही किका माराव्यात. बुलेटच्या बाबतीत हा जुन्या चालकांचा रोजचा शिरस्ता आहे.

केबल ठीक असूनही दोष राहिल्यास आतील पुशरॉड (प्लेटा सुट्या करण्यासाठी ढकलणारी सळई) तपासावा. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीमुळे लेथकाम या भागात सहज होते, मात्र लेथवर करून घेतलेल्या रॉडची टोके कडक केली नसतील तर ती झिजून समायोजन पुन्हा बिघडते. येझदीत पुशरॉडचे समायोजन अधिक नाजूक ठरते, कारण तिच्यात गिअरची लिव्हर हलवतानाच क्लच सुटण्याची सोय आहे. त्यामुळे हाताने क्लच दाबून गिअर नीट पडतो आणि न दाबता अडतो, असे झाल्यास या सोयीचे समायोजन आधी पाहावे.

क्लच उघडल्यावर स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून त्यांचा वाक तपासावा. क्लच बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) खाचांना प्लेटांनी पाडलेले खड्डे हे क्लच अडखळण्याचे नेहमी नजरेतून सुटणारे कारण आहे. खड्डे उथळ असतील तर कानस मारता येते, खोल असतील तर बास्केट बदलावी. नव्या घर्षण-प्लेटा तेलात भिजवून मगच बसवाव्यात. घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले मोटारीचे तेल तेलात चालणाऱ्या क्लचमध्ये घातल्यास तो घसरू शकतो, म्हणून ‘जासो एमए’ (अशा क्लचसाठीचे जपानी मानक) दर्जाचे तेल निवडतात. टू-स्ट्रोक आरएक्स १०० मध्ये गिअरबॉक्सचे तेल वारंवार कमी होऊन धूर वाढत असेल, तर क्रँकचे ऑइल सील (गिअरबॉक्सचे तेल इंजिनात शिरू न देणारी रबरी कडी) गेल्याची शंका घ्यावी.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असून पहिला वर व बाकीचे तीन खाली पडतात. एका दिशेने गिअर नीट पडत असून दुसऱ्या दिशेने अडत असतील, तर गिअरबॉक्सच्या बाहेरील आवरणाखालची समायोजन-पट्टी सरकवून दोष बहुधा दूर होतो. गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नसते.

पडलेला गिअर ताणावर सुटणे हे मात्र खरोखर आतले दुखणे असते. गिअरच्या बाजूचे अडकणारे दाते गोल झालेले असतात, फोर्क (गिअर सरकवणारा दुबेळका भाग) वाकलेला किंवा झिजलेला असतो, अथवा गिअर जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग ढिली पडलेली असते. स्प्रिंग स्वस्त असल्याने आधी तीच बदलून पाहावी. दाते झिजले असतील तर एकमेकांत अडकणारे दोन्ही गिअर जोडीने बदलावे लागतात, कारण जुन्या दात्यांची झीज नव्या गिअरलाही लवकरच बिघडवते.