अणूचा विद्युतभार

अणूच्या केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या आणि केंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची संख्या यांतील फरकावरून जो निव्वळ धन, ऋण किंवा शून्य भार ठरतो, त्याला अणूचा विद्युतभार म्हणतात. प्रोटॉनावरील धनभार व इलेक्ट्रॉनावरील ऋणभार यांचे परिमाण सारखेच असते. न्यूट्रॉन भाररहित असल्याने या हिशेबात येत नाही. त्यामुळे क्लोरीनच्या ३५ व ३७ वस्तुमानांकांच्या समस्थानिकांत दोन न्यूट्रॉनांचा फरक असूनही दोन्हींच्या आयनांवरचा (भारित अणूंवरचा) भार एकच असतो. (हिंदीत ‘अणु’ म्हणजे रेणू आणि आपला अणू म्हणजे ‘परमाणु’, दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.)

एका प्रोटॉनावर किंवा इलेक्ट्रॉनावर जेवढा भार असतो, त्याला मूलभूत भार म्हणतात. रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासून तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर केलेल्या प्रयोगांतून तो मोजला गेला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत त्याचे मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम (विद्युतभाराचे एकक) असे कायमचे निश्चित करण्यात आले. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनाच्या सुमारे १,८३६ पट जड असून क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचा बनलेला आहे, तर इलेक्ट्रॉनाला अंतर्गत रचना असल्याचे आढळलेले नाही. इतक्या भिन्न कणांचे भार तंतोतंत जुळावेत याचे सर्वमान्य स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही.

अणूचा भार बदलतो तो इलेक्ट्रॉनांच्या जाण्यायेण्याने. प्रोटॉन केंद्रकात इतका घट्ट बांधलेला असतो की तो सुटा करण्यास साधारणपणे लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट (सूक्ष्म कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जा लागते, आणि प्रोटॉनांची संख्या बदलली तर मूलद्रव्यच बदलते. याउलट सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांपैकी सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन अवघ्या ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये निघतो. उरलेल्या १० इलेक्ट्रॉनांसमोर ११ प्रोटॉन असल्याने अणूवर एक एकक धनभार येतो व तो धन आयन होतो. दुसरा इलेक्ट्रॉन मात्र आतल्या पूर्ण भरलेल्या कवचातून काढावा लागतो; त्यासाठी ४७.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे नऊपटीहून अधिक ऊर्जा मोजावी लागत असल्याने रासायनिक अभिक्रियांत सोडियम एकाच इलेक्ट्रॉनावर थांबतो. लोहाच्या बाबतीत हे बंधन इतके कडक नाही. त्याच्या संयुगांत दोन आणि तीन एकक धनभाराचे आयन दोन्ही नेहमी आढळतात.

१७ प्रोटॉन असलेला क्लोरीन एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होतो. ‘सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीन तो घेतो’ हे शालेय वर्णन सोयीचे असले, तरी सुट्या अणूंच्या बाबतीत ते दिशाभूल करणारे आहे. क्लोरीनने इलेक्ट्रॉन स्वीकारताना ३.६१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच परत मिळतात, त्यामुळे व्यवहार तोट्यातच राहतो. ही तूट विरुद्ध भारांच्या आयनांमधील आकर्षणाने भरून निघते आणि मग मिठाचा स्फटिक तयार होतो. त्यात दोन्ही आयनांची संख्या समान असल्याने मिठाचा खडा उदासीन असतो.

अतितप्त वायूत अणू कितीतरी अधिक इलेक्ट्रॉन गमावू शकतो. १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलाच्या (करोनाच्या) वर्णपटात एक अनोळखी हिरवी रेषा दिसली आणि ती ‘कोरोनियम’ नावाच्या नव्या मूलद्रव्याची मानली गेली. १९४० च्या सुमारास वॉल्टर ग्रोट्रियान व बेंग्ट एडलेन यांच्या संशोधनातून उलगडा झाला, की ती २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे. केंद्रकातील २६ प्रोटॉन जागच्या जागी असल्याने ते मूलद्रव्य लोहच राहिले होते. इलेक्ट्रॉन निम्मे झाल्यामुळे त्याचा वर्णपट मात्र ओळखू न येण्याइतका बदलला होता.