ख्रिस्ती पुराणे

सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट (कॅथलिक पंथातील एक धर्मसंघ) धर्मगुरूंनी मराठी ओवीछंदात रचलेली दीर्घ कथाकाव्ये. बायबलमधील कथा व संतचरित्रे हा त्यांचा विषय. बांधणी मात्र पुराणाची : श्रोता-वक्ता संवाद, अवस्वरू (अध्याय), नमन आणि सभेत मोठ्याने वाचता येईल अशी लय. चर्चने परक्या संस्कृतीतला वाङ्मयप्रकार आणि मुद्रणाचे नवे तंत्र एकाच वेळी स्वीकारल्याचे हे भारतातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक आहे. यांतील पहिले टॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण; पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याच आधारे केले आहे.

पार्श्वभूमी : दक्षिण गोव्यातील साष्टी प्रांतात सामुदायिक धर्मांतरे 1560 नंतर वाढली. 1567 च्या सुमारास तेथील देवळे पाडली गेली आणि जुने धर्मग्रंथ जवळ बाळगणेही धोक्याचे ठरले. नवख्रिस्ती कुटुंबांचा पुराणश्रवणाचा परिपाठ त्यामुळे तुटला. त्याच्या जागी प्रश्नोत्तरांच्या धर्मशिक्षणाखेरीज काही आले नाही. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्री-गुरूकडे हीच उणीव मांडतो : जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे द्या. प्रसंग काव्यातला असला, तरी मागणी खरी असावी.

ख्रिस्तपुराण : कर्ता टॉमस स्टीफन्स (सु. 1549–1619) हा इंग्रज जेझुइट. 1579 मध्ये तो गोव्यात आला आणि पुढचे आयुष्य मुख्यतः साष्टीत राहिला. ग्रंथ 1616 मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापला गेला; 1649 व 1654 मध्ये पुन्हा छापल्याचे नमूद आहे. तिन्हींपैकी एकाही मुद्रणाची प्रत आज उपलब्ध नाही. जो पाठ हाती आहे तो हस्तलिखितांचा. ग्रंथाचे भाग दोन : पैलें पुराण 36 अवस्वरू व 4,181 ओव्यांचे (जुना करार), दुसरें पुराण 59 अवस्वरू व 6,781 ओव्यांचे (नवा करार). एकूण ओव्या 10,962. ओवी चार चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड व मोकळा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याच वळणाची.

भाषेविषयी कर्त्याने गद्य प्रस्तावनेत खुलासा केला आहे. रचना मराठीत असली तरी शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही. म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द गाळून ठिकठिकाणी ‘ब्राह्मणांच्या भाषेचे’ सोपे शब्द मिसळले, असे तो सांगतो. या ब्राह्मणभाषेचा अर्थ कोकणी असाच बहुतेक अभ्यासक घेतात. साष्टीत घरात बोलली जाई ती कोकणी, पण पुराण ऐकायचे ते मराठीत, ही समाजाची सवय त्याने मोडली नाही.

लिपीचा प्रश्न : गोव्यात छापखाना 1556 मध्ये आला, पण त्याच्याकडे खिळे (छपाईची धातूची अक्षरे) रोमन लिपीचे होते. तमिळ खिळे तयार होऊन 1578 मध्ये कोल्लमला पुस्तक निघाले. ते काम करणारा जोआंव गोन्साल्विश याने ‘कानारीं’ अक्षरांचे साचेही घडवायला घेतले होते. पन्नासेक अक्षरे झाल्यावर ते काम थांबले. ही अक्षरे देवनागरी की कन्नड वळणाची, यावर एकमत नाही. ‘कानारीं’ हे नाव पोर्तुगीज कागदपत्रांत इतके सैलपणे येते की केवळ नावावरून निर्णय करणे योग्य नव्हे.

अडचण कोणती होती, हे स्टीफन्सच्या 1608 च्या पत्रातून स्पष्ट होते. युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे सुमारे सहाशे लागतील. शिवाय जेझुइट संघाच्या प्रांताधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून असे काम हाती घेता येत नाही, अशी दोन कारणे तो देतो. आकडा अतिशयोक्त नाही. देवनागरीत व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून एक अक्षर होते. प्रत्येक जोडीचा वेगळा खिळा धरला, तर चौतीस व्यंजने गुणिले बारा स्वर मिळून चारशेच्या वर साचे होतात. जोडाक्षरे त्याहून वेगळी. प्रत्येक साच्यासाठी पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि मग शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतायचे. मात्रा, वेलांट्या व उकार सुटे करून संख्या घटवण्याची युक्ती पुढच्या काळातली आहे.

म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्यासाठी लागणारी लेखनपद्धती स्टीफन्सच्या मृत्यूनंतर छापलेल्या त्याच्या कोकणी ‘दौत्रिना’त (धर्मशिक्षणाचे पुस्तक, 1622) व व्याकरणातही (1640) आढळते. मूर्धन्य वर्णासाठी रोमन अक्षर दुहेरी : ‘टी’ एकदा म्हणजे त, दोनदा म्हणजे ट; ड, ण, ळ यांनाही हाच नियम. महाप्राणासाठी पुढे ‘एच’, श-ष साठी ‘एक्स’, शेवटच्या अनुस्वारासाठी ‘एम’. काटकसरीची, छापखान्यातल्या खिळ्यांत भागणारी अशी ही व्यवस्था होती.

तिचे दोष नकला होऊ लागल्यावर दिसतात. घाईत लिहिणारा दुसरे अक्षर गाळतो आणि ‘वाट’चा ‘वात’, ‘काळ’चा ‘काल’ होतो. उलट ‘चित्त’सारख्या शब्दात दुहेरी अक्षर खरोखरच द्वित्त (एकाच व्यंजनाची जोडी) असते आणि ते ट म्हणून वाचले जाण्याचा धोका राहतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नोंदवलेलाच नसतो. देवनागरी संपादकाला अशा जागी पहिला आधार यमकाचा : तीनपैकी दोन चरणान्त निश्चित ट-कारी असतील, तर तिसराही तसाच घ्यावा. चरणाच्या मध्ये हा उपाय चालत नाही. तेथे अर्थ आणि दुसरे हस्तलिखित एवढेच साधन उरते.

मूळ पाठाचा वाद : 1920 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत उजेडात आणली आणि तोच स्टीफन्सचा मूळ पाठ असल्याचे मत मांडले. रोमन पाठात श्रद्धेच्या नेमक्या संज्ञा पोर्तुगीज-लॅटिन आहेत. देवनागरी पाठात त्यांच्या जागी संस्कृत शब्द येतात. ॲबट यांच्या बाजूने असे म्हणता येते की, काव्याच्या ओघाला संस्कृत शब्द अधिक जुळतात आणि छपाईपूर्व तपासणीत सिद्धान्तवाचक शब्द युरोपीय करून घेतले गेले असावेत. विरुद्ध बाजू अशी : गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी नंतर कोणी तरी संस्कृत शब्द बसवून पाठ शुद्ध केला असणेही तितकेच शक्य आहे. देवनागरी प्रत कोणी, कोठे लिहिली याचा निश्चित निर्देश मिळत नसल्याने आधी कोणता पाठ झाला हे आज ठरवता येत नाही. मात्र चर्चची परवानगी मिळून ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत पोहोचला तो पाठ रोमन परंपरेला अधिक जवळचा असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते.

इतर पुराणे : एत्येन द ला क्रुआ (1579–1643) या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरवरील पुराण 1629 पासून छापले गेले. त्यात हिंदू मतांचे खंडन जागोजाग आहे. त्यामुळे पुराणाचा साचा तोच असूनही सूर वादाचा झाला आहे. स्टीफन्सचे कथन त्यापुढे कितीतरी मोकळे व प्रेमळ वाटते. आंतोनियु द साल्दाञ याची संत आंतोनीची जीवित्वकथा 1655 च्या सुमाराची.

ऱ्हास व पुनर्मुद्रण : 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. त्याची अंमलबजावणी कितपत झाली, याविषयी दुमत आहे. मराठी पुराणांची छपाई मात्र तोपर्यंत थांबलेलीच दिसते. कानडा मुलखात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. टिपूच्या कैदेतही (1784 नंतर) या ओव्या म्हटल्या जात, अशी मंगळूरकडे आख्यायिका आहे. तेथील प्रतींवरून जोसेफ साल्दाञ यांनी 1907 मध्ये रोमन लिपीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये आणले, म्हणजे पहिल्या मुद्रणानंतर 340 वर्षांनी. पुढे कारिदाद द्रागो (1996) व नेल्सन फाल्कांव (2009) यांच्या आवृत्त्या निघाल्या.